डाईंगच्या पाण्यावर प्रोजेक्ट घेतलाय, पण साध्या पाण्यातलेच मासे मरतायत

पूर्वभागची_पोर

नमस्कार. एम.एस्सी. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरातच. घर पूर्व भागात, वडील टॉवेलच्या कारखान्यात. आज कुठला कलर चाललाय हे आमच्या घरामागच्या नाल्याकडे बघून कळतं, म्हणून प्रोजेक्टला हट्टाने तोच विषय मागून घेतला: सूत रंगवून झाल्यावर निघणारं पाणी आणि रोहू मासा. गाइडची ना नाही. त्यांनी सांगितलं, आधी ९६ तासांचं एलसी फिफ्टी काढ, म्हणजे निम्मे मासे मरतात ती तीव्रता. मग तिच्या एक-दशांशात पंधरा दिवस मासे ठेव, कल्ले आणि यकृताची हिस्टॉलॉजी कर (पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघणं), थोडं ग्लायकोजेन-प्रोटीन जोड, झाला प्रोजेक्ट.

गाडी तिथवर पोचतच नाहीये. मत्स्यबीज केंद्रावरून रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. दुपारी पिशवी लॅबला पोचली, लगेच टाक्यांत सोडली. पाणी कॉलेजच्या बोअरचं. सकाळी येऊन बघते तर कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या टाकीतले निम्म्याहून जास्त मासे पोट वर करून तरंगतायत. पुढच्या खेपेला बोअरचं नको म्हणून नळाला पाणी आलं त्याच दिवशी ताजं भरून घेतलं, तर मासे संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. कलरचा एक थेंबही अजून घातलेला नाही.

लॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एअर पंप एकच, लाइट असेपर्यंत चालतो.

तर प्रश्न दोन. मासे कशाने मरतायत? आणि दुसरा खरं तर पप्पांचा आहे. ते म्हणाले, "मासे मरणार हे तुला आधीच माहितीये, मग मारून काय सिद्ध करणार?" व्हायव्हाला कुणी हेच विचारलं तर द्यायला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

डाईंग_मास्तर

ताई, मासे का मेले ते इथले जाणकार सांगतील. मी पाण्याचं सांगतो. कलरचं पाणी असं एक पाणी नसतंय ओ. कुठल्या वेळेचं घेणार ते आधी ठरवा की.

टॉवेलच्या सुताला बहुतेक रिॲक्टिव्ह कलर. तो सुतावर चढायला मीठ लागतं, गडद शेडला लिटरमागं ६०-८० ग्रॅमपर्यंत. मग पक्का व्हायला सोडा ॲश, पीएच ११ च्या आसपास जातो. हे पहिलं पाणी सोडलं की थंड धुणी, ॲसिटिक मारून न्यूट्रल करणं, उकळत्या पाण्यात सोपिंग, परत धुणी. एकाच लॉटमधून पाच-सहा तऱ्हेचं पाणी निघतंय. पहिलं समुद्रापेक्षा खारट, शेवटच्याला नुसती रंगाची झाक. व्हॅट कलर असला तर मीठ-सोड्याच्या जागी कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. वर नाल्यात गल्लीतल्या मोऱ्यांचं येतंय ते निराळंच.

तुम्ही बाटली घेऊन येणार, पाणी लालभडक दिसतंय म्हणून तेवढंच भरून नेणार. डोळ्याला न दिसणारं मीठ आणि सोडा राहिलं बाजूला, आणि पेपरात छापून येतंय कलरनं मासे मेले. आमच्या धंद्याला शिव्या द्यायच्या तर द्या, पण मोजून द्या.

होटगीरोडचे_सर

व्हायव्हाचं अर्धं उत्तर मास्तरांनी देऊन टाकलं. उरलेलं मी देतो, पण लांबण लागेल. हयात झूलॉजीच्या लॅबमध्ये गेली आणि त्यातला बराच काळ माशांच्या श्वासोच्छ्वासावर. तुझ्या वयाच्या पोरींना शिकवत आलोय, तेव्हा अगं-तुगं चालवून घे.

आधी मेलेले मासे. बंद पिशवीत मासे तासन्‌तास श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, कारण माशाच्या अंगातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडतो, आपल्यासारखा लघवीतून नाही. आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात हा अमोनिया अमोनियम आयनच्या रूपात राहतो आणि फारसा बाधत नाही. पाण्याचं तापमान २५ अंश आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला मोकळा, म्हणजे विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ९ ला तोच एक-तृतीयांशाच्या वर जातो. आता तू पिशवी उघडलीस, कार्बन डायऑक्साइड उडाला, वर ते सगळं पाणी माशांसकट आपल्या काळ्या दगडातल्या जड, अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात ओतलंस. मासे प्रवासाने आधीच दमलेले. रात्री लाइट गेली असेल तर पंपही बंद. थोडे तरी उरले हेच नवल.

नळाच्या पाण्याचं सोपं आहे. क्लोरीन. माणसाच्या पोटाला चालेल एवढा क्लोरीन कल्ल्याची नाजूक त्वचा जाळून टाकतो. सोलापुरात पाणी चार-चार दिवसांआड येतं म्हणून सगळं शहर कावलेलं असतं, पण मासे ठेवणाऱ्याला यात एक सोय आहे: पिंपात उघडं राहिलेलं शिळं पाणीच त्याला हवं असतं. दोन दिवस उघडं ठेव, पंपाची नळी सोड, क्लोरीन निघून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे फोटोग्राफीवाल्यांकडे मिळायचे, आता केमिकलच्या दुकानात मिळतील.

पुढच्या वेळी पिशवी न उघडता अर्धा तास टाकीत तरंगत ठेव, म्हणजे तापमान जुळेल. मग टाकीतलं पाणी वाटी-वाटीने पिशवीत घाल, आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोड. पिशवीतलं पाणी मोरीत. त्यानंतर दहा-पंधरा दिवस काहीही करायचं नाही. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घाल, पाणी बदल, मासे नुसते बघ. या काळात मासे मरत राहिले तर तो लॉट प्रयोगाला घेऊ नकोस. चाचणीच्या आधी एक दिवस खाणं बंद. माशाच्या एका ग्रॅम वजनाला किमान एक लिटर पाणी, याच्या खाली उतरायचं नाही. चाचणीत कंट्रोलमधले दहा टक्क्यांपेक्षा जास्त मेले तर सगळी चाचणी रद्द. आणि पत्र्याखालची खोली एप्रिल-मेमध्ये सोड. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. तापलेल्या पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. तळमजल्यावरची स्टोअर रूम माग, कुरकुर करत का होईना देतात.

आता तुझ्या वडिलांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना तो कुणी विचारलाच नाही. एक कीटकनाशक औषध, एक मासा, एक पेपर, या हिशेबाने आपल्याकडे ढीगभर संशोधन झालं. औषध बदललं की पुढचा पेपर. एलसी फिफ्टी हा आकडा वाईट नाही. दोन शुद्ध रसायनांची तुलना करायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्ये संपवतात आणि कोंबडीला फारशी जाणवतही नाहीत, कारण माशाचं शरीर ती फोडून टाकण्यात फार मंद. ही गोष्ट अशा आकड्यांमुळेच ध्यानात आली. पण तुझं पाणी म्हणजे एक रसायन नव्हे. आज नेव्ही ब्लू, उद्या मरून. तू घाम गाळून काढलेला आकडा पुढच्या लॉटला रद्दी. आणि त्याचा एक-दशांश म्हणजे सुरक्षित, असंही कुठे नाही. तो सोयीसाठी धरलेला भाग आहे.

मासा मेला हे सगळ्यात उशिरा कळणारं लक्षण आहे. त्याच्या आधी कल्ला बोलायला लागतो.

बोटुकलीच्या कल्ल्याची एक कमान कापून सलाइनमध्ये, वॉच ग्लासवर घे आणि साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली ठेव. कमानीवर तंतूंच्या दोन ओळी दिसतील, कंगव्याच्या दातांसारख्या. भिंग वाढवलंस की प्रत्येक तंतूच्या दोन्ही अंगांना उभे राहिलेले पातळ पापुद्रे दिसतात, त्या लॅमेली. आत तांबड्या पेशी ओळीने अडकलेल्या. पाणी आणि रक्त यांच्यामधली भिंत इथे मायक्रॉनमध्ये मोजायची. आता कडेने मास्तरांच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोड, कलर न घातलेल्या. पापुद्र्यांच्या कडा धूसर व्हायला लागतात, तंतू एकमेकांना चिकटतात, वर बुळबुळीत पांढुरका थर धरतो. हे मी मुलांना दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरचेही उठून पुढे यायचे.

या एवढ्याशा अवयवावर माशाने किती कामं टाकली आहेत बघ. लिटरभर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, ३० अंशाच्या लिटरभर पाण्यात पाचच्या थोडा वर. तेवढा काढून घ्यायला लॅमेलीत रक्त एका दिशेने वाहतं आणि पाणी उलट दिशेने, त्यामुळे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन उचलता येतो. अमोनिया टाकायचा तोही इथूनच. आणि क्षारांचा हिशेब निराळा. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, त्यामुळे पाणी सारखं आत शिरतं आणि क्षार सारखे बाहेर झिरपतात. मासा भरपूर पातळ लघवी करून पाणी टाकतो आणि गेलेले सोडियम-क्लोराइड कल्ल्यांतल्या खास पेशींनी परत ओढून घेतो. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९३० च्या दशकात हे गोल्डफिशवर दाखवून दिलं. लिटरमागे ६० ग्रॅम मिठाच्या पाण्यात हेच यंत्र उलटं फिरतं. रक्ताचा खारटपणा साधारण दहा ग्रॅमच्या घरात, बाहेर त्याच्या कितीतरी वर. आता माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि मीठ बाहेर टाकण्याची सोय रोहूकडे नाहीच. तिथे कलर कुठला होता हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून कंट्रोल एक नको. एक टाकी साध्या शिळ्या पाण्याची. दुसऱ्या टाकीत तेवढंच मीठ आणि तेवढाच पीएच, कलर मात्र नाही. तिसऱ्यात मास्तरांचं खरं पाणी, तितकंच पातळ केलेलं. दुसरी आणि तिसरी सारखीच निघाली तर तात्काळ मारणारा कलर नव्हे. रिॲक्टिव्ह कलर माशाला तात्काळ मारण्याच्या बाबतीत तसे सौम्यच असतात. बेसिक कलर मात्र जहाल: मॅलाकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट वगैरे. (याच मॅलाकाइट ग्रीनने मत्स्यपालक वर्षानुवर्षं माशांची बुरशी घालवत आले. पुढे कळलं की तो माशाच्या मांसात रंगहीन रूपात लपून राहतो, म्हणून खायच्या माशांना त्याला बंदी आली.) सौम्य म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नकोस. नाल्याचा रंग उजेड अडवतो, खालचं शेवाळ उपाशी राहतं, आणि दीर्घ मुदतीचं गणित ९६ तासांत बसत नाही.

व्हायव्हासाठी एक गोष्ट पाठ कर. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये सांडपाणी सोडण्याची जी सर्वसाधारण मानकं आहेत, त्यांत बायोअसे आहे: १०० टक्के सांडपाण्यात, म्हणजे एक थेंबही पाणी न मिसळता, ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. त्याच तक्त्यात नदी-नाल्यासाठी पीएच साडेपाच ते नऊ, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) ३०, मोकळा अमोनिया ५ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. गंमत बघ, मोकळा अमोनिया ५ मिलिग्रॅम असला तर कागदावर पास, पण गोड्या पाण्यातले बरेच मासे एक-दोन मिलिग्रॅमलाच मान टाकतात. आकड्यांतून निसटलेलं मासा पकडतो. तुझ्या वडिलांना सांग, प्रक्रिया झालेल्या पाण्यात मासा जगतो का हे विचारायला कायद्यानेच सांगितलंय. मारायला नाही.

पूर्वभागची_पोर

सर, खूप आभार. पप्पांना वाचून दाखवलं. मिठाचा मुद्दा आला तेव्हा ते मास्तरांच्या बाजूने झाले.

दोन शंका. कलरच्या टाकीतला ऑक्सिजन विंकलरने, म्हणजे आयोडीनच्या टायट्रेशनने, मोजायला गेले तर टायट्रेशनचा शेवट दिसणारच नाही, निळं जाऊन पांढरं झालं हे लाल पाण्यात कसं कळणार? आणि ग्लायकोजेन, ॲसिटिलकोलिनएस्टरेज (मज्जातंतूंच्या कामातलं एन्झाइम) वगैरे गाइडच्या यादीत आहे ते ठेवू का?

मास्तर, पाणी द्याल का, पहिलं आणि शेवटचं दोन्ही?

भीमेकाठचा_भोई

सरांनी कल्ल्याचं सांगितलं ते वाचून लिवतोय. आमी करमाळ्याकडं, उजनीच्या फुगवट्यावर. वडलोपार्जित जाळं. शाळा कमी झाली पण मासं मेलेलं लई बघितलंय.

पुण्याचं समदं पाणी खाली येतंय, तुमी तेच पिता सोलापूरला. उन्हाळ्यात धरण मायनसमधी गेलं की काठाला हिरवी साय येती. तवा पहाटं होडी काढली की कटला-रोहू वर तोंड काढून भसाभसा पाणी वडताना दिसतो. आदी मोठं मासं जातात, बारकी मागनं. चिलापी टिकती. मरळ तर मजेत, ती वर येऊन हवा घेती. ऊन चढलं की राहिल्यालं मासं परत खाली. हे वाऱ्याचं मरण, आमच्याकडं म्हणत्यात वारं संपलं.

पर एखाद्या वढ्याच्या तोंडाला कवाबी, भर दुपारी, बारकी मासळी आदी उलटली, तिच्यासंगं झिंगं, खेकडं, बेडकाची पिल्लंबी मेली आणि मरळसुद्धा लोळाया लागली, तर त्ये वारं न्हवं. वरून कायतरी आलंय. मासा गरागरा फिरतो, उड्या मारतो, आंग वाकडं करतो.

ताई, तुमी नाल्याच्या तोंडाला जावा. नुस्तं लॅबीत बसून कळायचं न्हाई.

होटगीरोडचे_सर

भोईदादांनी लिहिलंय ते आम्ही दोन लेक्चरमध्ये शिकवायचो आणि इतकं नीट नाही. हिरव्या पाण्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे तळ गाठला जातो. मोठ्या माशाची गरज मोठी, त्यामुळे तो आधी गुदमरतो. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून तिचं मरणं ही विषाकडे बोट दाखवणारी खूण. गरागरा फिरणं, अंग वाकडं करणं हे बहुधा फवारणीचं औषध: ऑर्गॅनोफॉस्फेटने ॲसिटिलकोलिनएस्टरेज अडवलं की मज्जातंतूंचा निरोप थांबतच नाही, स्नायू आखडत राहतात. मुली, हे वहीत उतरवून घे. फील्डवर गेलीस तर वेळ, पाण्याचा रंग, कोण आधी मेलं आणि कोण वाचलं, एवढं लिहून आण.

यातच तुझ्या यादीचं उत्तर आलं. ॲसिटिलकोलिनएस्टरेज कीटकनाशकांसाठी मोजतात. एलमन यांची १९६१ ची पद्धत सुंदर आहे, पिवळा रंग येतो, ४१२ नॅनोमीटरला वाचायचा. पण डाईंगच्या पाण्यात तो अडेल असं मानायला कारण काय? यादीत आहे म्हणून करू नकोस. ग्लायकोजेनही जपून. मासा जाळीने नुसता पाठलाग करून पकडला तरी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल चढतात आणि यकृतातलं ग्लायकोजेन उतरतं. शेवटच्या टाकीतला मासा पकडेपर्यंत त्याने चार चकरा मारल्या असतील, तर तू मोजशील ती त्याची धावपळ. करायचंच असेल तर सगळ्या टाक्यांतले मासे एकाच पद्धतीने, एकाच वेळी काढ.

विंकलरची शंका बरोबर आहे, आणि रंगाच्या पलीकडेही अडचण आहे. व्हॅटच्या पाण्यातला हायड्रोस आयोडीनच खाऊन टाकतो, आकडा खोटा कमी येतो. (तोच हायड्रोस टाकीतला ऑक्सिजनही खातो. म्हणून व्हॅटचं पाणी घेतलंस तर एक टाकी पंप लावून, एक न लावता ठेव, नाहीतर गुदमरणं आणि विष वेगळं काढता येणार नाही.) टाकीतल्या पाण्याला डीओ मीटर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन थेट दाखवणारं यंत्र, वापर. माशाचा ऑक्सिजन-वापर मोजायला मात्र मासा कलरमधून काढ, स्वच्छ पाण्यात हलके धुऊन घे, स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेल्या बंद बरणीत तासभर ठेव, आणि तासाच्या आधीचं व नंतरचं पाणी विंकलरने काढ. पाणी रंगहीन, शेवट लख्ख दिसेल. बिघडलेला कल्ला स्वच्छ पाण्यात आल्यावरही लगेच सुधारत नाही, तेच तुला मोजायचंय. मासा नसलेली एक बरणी सोबत ठेवायला विसरू नकोस, पाण्यातले जंतूही ऑक्सिजन घेतात.

सगळ्यात स्वस्त मोजमाप म्हणजे कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एक मिनिट घे, नंतर बसून मोज. आणि खोकला! मासा खोकतो. मध्येच झाकणं जोरात आपटून पाणी उलटं फेकतो आणि कल्ल्यावरची घाण झटकतो. जीव घेणारी नाही इतक्या कमी तीव्रतेतही खोकला वाढतो, म्हणून तुझ्या शेवटच्या धुणीच्या पाण्यात मासा एकही मरणार नाही, पण खोकला काहीतरी सांगेल. माझं ऐकशील तर प्रोजेक्टचा कणा हाच धर.

हिस्टॉलॉजी करशील तर जिवंत माशाला भूल देऊन कल्ला तात्काळ बुइनमध्ये, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात. सकाळी मेलेला सापडला त्याचा कल्ला अजिबात नको. मेल्यावर थोड्याच वेळात लॅमेलीची त्वचा आपोआप सुटते आणि ती हुबेहूब विषाच्या परिणामासारखी दिसते. असे फोटो छापून आलेले मी ढिगाने पाहिलेत. स्लाइडवरची नावं मैत्रिणीकडून झाकून घे, कुठली टाकी ते न कळता वाच, मग नावं उघड. मासे पाठीचा कणा असलेले प्राणी आहेत, तेव्हा कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी. समिती ते ९६ तासांचं मारणं मान्य करत नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. झेब्रा मासा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, आपल्याच उपखंडातला आहे, त्याची अंडी पारदर्शक. दिवसभरात हृदय धडधडताना दिसतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर. अंड्यांवरच्या ९६ तासांच्या चाचणीला २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे.

गाइडना हे सगळं एकदम सांगू नकोस. आधी मिठाच्या कंट्रोलचं सांग, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

डाईंग_मास्तर

पाणी देतो की ताई, मालकाला विचारून. ते म्हणाले कारखान्याचं नाव टाकायचं नाही, बाकी हरकत नाही. काचेच्या बाटल्या आणा, प्लास्टिकला कलर धरतो. पहिलं पाणी ६० डिग्रीचं निघतंय, गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. मीठ-सोडा किती घातला ते बॅच कार्डवर असतंय, त्याचा फोटो काढून घ्या म्हणजे सर म्हणतात ती दुसरी टाकी बरोबर बनवता येईल.

आणि पप्पांना घेऊन या. कुठल्या कारखान्यात हायत ते? कदाचित ओळखत असेन.